गणिताला घाबरणाऱ्यांचं मानसशास्त्र

या महिन्याच्या टपालात मानसशास्त्राच्या प्रवेशाबद्दल बरीच पत्रं आली आणि बहुतेकांच्या मनात एकच शंका आहे: विषय घ्यायचाय, पण गणित आडवं येईल का? प्रवेशाची धावपळ सुरू आहे, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून यावेळी ह्याच पत्रांना उत्तरं देते. लांबलचक पत्रं थोडी आखूड केली आहेत.

मॅडम, मी कला शाखेतून बारावी झाले. अकरावी-बारावीला मानसशास्त्र होतं आणि तो एकच विषय मी कुणी न सांगता वाचायचे. बी.ए.ला तोच मुख्य विषय घ्यायचा आहे, पुढे समुपदेशक व्हायचं आहे. पण शेजारची ताई म्हणते, शेवटच्या वर्षाला सांख्यिकी असते, त्यात निम्मी मुलं राहतात. मला दहावीला गणितात ४१ गुण होते, तेही शाळेने दिलेले अंतर्गत गुण धरून. भूमितीच्या पेपरला हात थरथरत होते. आजही कुणी पटकन हिशेब विचारला तर डोकं बंद पडतं. मी हा विषय घ्यावा का?
– श. मा., कराड

घे.

शेजारच्या ताईचं म्हणणं अर्धं खरं आहे. सांख्यिकी असते, ती चुकत नाही. निम्मी मुलं राहतात हे मात्र मी कधी पाहिलं नाही, आणि हा पेपर शिकवायला माझ्याकडेच असायचा. विभागात तो कुणालाच नको असे, म्हणून दरवर्षी माझ्या गळ्यात पडायचा. जी मुलं राहायची त्यांच्यात गणितात कच्ची असलेली होती तशी गणितात पक्की असलेलीही होती. परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत वहीला हात लावलेला नाही, एवढं मात्र सगळ्यांत सारखं.

आता जरा शांतपणे दहावीचं गणित आठव. वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, समरूप त्रिकोण, वर्तुळाच्या स्पर्शिका, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. यातलं मानसशास्त्राच्या पदवीला काय लागतं? काहीही नाही. तिथे काही सिद्ध करायचं नसतं, कंपास घेऊन रचना काढायच्या नसतात. लागतं ते भाग एकच्या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण, सांख्यिकीचं. मध्य (म्हणजे सरासरी), मध्यक, बहुलक. त्याच्या आधीच्या संभाव्यतेच्या प्रकरणाची थोडी ओळख असली की पुरे. म्हणजे ज्याच्या भीतीने तू विषय सोडायला निघालीस, त्याची पहिली पायरी तू दहावीतच चढलीस. बारावीला बुद्ध्यंकाचं सूत्र शिकली असशील: मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय, गुणिले शंभर. मुलगा दहा वर्षांचा, आठ वर्षांच्या मुलाइतकी उत्तरं देतो, तर ८०. तेव्हा तुझे हात थरथरले का? पुढच्या तीन वर्षांत जी आकडेमोड येते, तिची जात साधारण हीच. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ. साधा कॅल्क्युलेटर बहुतेक ठिकाणी परीक्षेत चालतो. तुमच्या विद्यापीठात चालतो का, ते पहिल्या महिन्यातच विचारून ठेव.

प्रमाण विचलन नावाचं एक प्रकरण येईल आणि नावानेच तू दचकशील, म्हणून आत्ताच सांगून टाकते. कराडहून सुटणाऱ्या दोन एस.टी. गाड्या समज. दोन्ही सरासरी दहा मिनिटं उशिरा येतात. एक रोज नऊ ते अकरा मिनिटं उशिरा, दुसरी कधी अगदी वेळेवर तर कधी पंचवीस मिनिटांनी. सरासरी तीच, पण कॉलेजला जायला तू कोणत्या गाडीवर विसंबशील? आकडे सरासरीच्या आसपास किती पसरलेत हे सांगणारी संख्या म्हणजे प्रमाण विचलन. ते काढायचं कसं हे एका तासात येतं. ते कशाला काढायचं हे डोक्यात बसलं पाहिजे.

आणि समुपदेशकाला ते लागतं. बुद्धिमापनाच्या आजच्या बहुतेक चाचण्यांत मध्य १०० आणि प्रमाण विचलन १५ असं धरलेलं असतं. म्हणजे शंभरातली साधारण ६८ माणसं ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात आणि ९५ च्या आसपास माणसं ७० ते १३० च्या दरम्यान. ७० हा आकडा बौद्धिक अक्षमतेच्या निदानात वारंवार येतो. तो आकाशातून पडलेला नाही, शंभरातून दोन प्रमाण विचलनं वजा केली की तिथे पोचतो. आता तुझ्यासमोर एक आई बसली आहे. मुलाचा गेल्या वर्षीचा बुद्ध्यंक ७२, या वर्षीचा ६८. तिला वाटतंय, मुलगा वर्षभरात चार पायऱ्या खाली घसरला. प्रत्येक चाचणीत मापनाची थोडी चूक गृहीतच असते, चार गुणांचा फरक त्या चुकीच्या पोटात सहज मावतो, शिवाय निदान एकट्या बुद्ध्यंकावरून करत नाहीत, मुलगा रोजचे व्यवहार कसे करतो तेही पाहतात. हे त्या माउलीला साध्या मराठीत सांगणं हे तुझं काम. तिथे तुला कुणी वर्गमूळ विचारणार नाही. पण तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही हे तुलाच कळलं नसेल, तर तू तिला नुसता धीर देशील. धीर द्यायला शेजारीण पुरते.

आपल्याकडे या मापनाला चांगली जुनी परंपरा आहे. बिने आणि सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी केली. तिच्यावर आधारित चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. बिने-कामत चाचणी या नावाने ती अजूनही रुग्णालयांत आणि बालमार्गदर्शन केंद्रांत वापरतात. तुमच्या विभागाच्या कपाटातही तिची पेटी असेल. इंग्रजी चाचणी नुसती भाषांतरित करून भागत नाही. आपल्या मुलांना त्यातला कोणता प्रश्न कोणत्या वयाला जमतो हे शेकडो मुलांवर पाहून, मोजून ठरवावं लागतं. हे मोजणं म्हणजेच तुझी सांख्यिकी.

प्रॅक्टिकलबद्दलही सांगते, कारण तिथे तुझी भीती पहिल्यांदा पातळ होईल. म्युलर-लायर नावाचा दृष्टिभ्रम आहे. दोन सारख्या रेषा, एकीच्या टोकांना बाणाचे फाटे आत वळलेले, दुसरीचे बाहेर. बाहेर वळलेली लांब दिसते. प्रयोगात एक पट्टी सरकवून दोन्ही रेषा ‘सारख्या’ करायच्या असतात, आणि प्रत्येक वेळी किती मिलिमीटर चूक झाली ते जर्नलमध्ये लिहायचं. मग त्या चुकांची सरासरी. वर्गातली सगळ्यात चुणचुणीत मुलगीसुद्धा चुकते, दहाव्या वेळीही चुकते, रेषा सारख्या आहेत हे माहीत असूनही चुकते. आकडे आपल्या स्वतःच्या डोळ्यांतून आलेले असले की मुलं त्यांना घाबरत नाहीत. गणिताच्या तासाला अंग चोरून बसणाऱ्या मुलींना मी या प्रयोगात, तुझी सरासरी किती आली गं, म्हणून एकमेकींच्या जर्नलमध्ये डोकावताना पाहिलंय.

हात थरथरणं, डोकं बंद पडणं, यावर मानसशास्त्रातच अभ्यास झालेला आहे हे तुला ठाऊक नसेल. गणिताची चिंता मोजायची प्रश्नावली रिचर्डसन आणि सुइन या दोघांनी १९७२ मध्ये तयार केली, ९८ प्रश्नांची. पुढे अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क यांनी २००१ मध्ये एक सुरेख प्रयोग छापला. लोकांना हातच्याच्या बेरजा करायला दिल्या आणि त्याच वेळी काही अक्षरं लक्षात ठेवायला सांगितलं. ज्यांना गणिताची चिंता जास्त, त्यांच्या चुका अशा वेळी फार वाढल्या. कारण असं मांडलं गेलं की आपण ज्या कार्यकारी स्मृतीत हातचा धरून ठेवतो, तिथलीच जागा काळजी खाऊन टाकते. म्हणजे बुद्धी कमी पडत नाही, जागा कमी पडते. २०१० मध्ये बायलॉक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या वर्गांत आणखी एक गोष्ट दाखवली. गणिताची धास्ती असलेल्या शिक्षिकांच्या वर्गात वर्षअखेरीस मुली गणितात मागे पडल्या, मुलगे पडले नाहीत. तुझ्या शाळेत काय झालं ते मला माहीत नाही. पण ‘मला गणित येत नाही’ हे वाक्य तू जन्मताना घेऊन आलेली नाहीस, एवढं नक्की.

यातून माझा एक नियम निघाला, तो वर्गात सगळ्यांना लागू असायचा: तोंडी काहीही करायचं नाही. सात आणि आठ पंधरा, हेसुद्धा कागदावर. उभे रकाने आखायचे, प्रत्येक पायरी लिहायची, वजाबाकीचं चिन्ह ठळक काढायचं. हुशार मुलं हसायची आणि चिन्ह चुकवायची. घाबरट मुलं रकाने आखायची आणि त्यांचं उत्तर बरोबर यायचं.

आता दुसरी बाजू. ‘मैत्रिणी माझ्याकडे मन मोकळं करतात, म्हणून मला समुपदेशक व्हायचंय’ एवढंच कारण असेल तर थांब. तो स्वभाव चांगला, पण पदवीत त्याचे गुण नाहीत. या विषयात वाचन खूप असतं आणि एखादी गोष्ट वाटते आणि ती असते यातला फरक सतत तपासावा लागतो. त्याचा कंटाळा असेल तर गणित पक्कं असूनही काही उपयोग नाही.

व्यवहाराचं. कॉलेज निवडताना तिथे मानसशास्त्र मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून आहे का, हे आधी विचार. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत काही ठिकाणी ते फक्त मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून मिळतं आणि ही गोष्ट मुलांना प्रवेश घेतल्यावर समजते. प्रयोगशाळा बघायला माग. कपाटाला कुलूप असेल आणि किल्ली कुणाकडे हे कुणालाच सांगता येत नसेल, तर दुसरं कॉलेज बघ. पेपर मराठीतून लिहिता येतो, पण एम.ए.ची पुस्तकं बहुतेक इंग्रजी आहेत. गणितापेक्षा मला तुझ्या इंग्रजी वाचनाची काळजी जास्त वाटते. सुट्टीत त्यावर मेहनत घे.

मी टी.वाय.ला आहे. आतापर्यंत सगळे पेपर सुटले. सांख्यिकीला सर सूत्रं फळ्यावर लिहून देतात, आम्ही उतरवून घेतो. टी, एफ, काय-वर्ग, सहसंबंध, सगळी सूत्रं पाठ केली आहेत, पण गणित समोर आलं की कोणतं वापरायचं कळत नाही. बारावीला गणित नव्हतं त्यामुळे असं होतंय का? गाइड कोणतं घेऊ?
– एक विद्यार्थी, नांदेड

बारावीला गणित असतं तरी हेच झालं असतं. शास्त्र शाखेतून आलेली मुलंही इथेच अडतात, कारण गोंधळ आकडेमोडीत नाही, प्रश्न वाचण्यात आहे. गाइड घेऊ नकोस.

उदाहरण वाचल्यावर सूत्राकडे पळायच्या आधी स्वतःला विचार: माणसं मोजलीत की गुण मोजलेत? किती जण ‘हो’ म्हणाले, किती ‘नाही’ म्हणाले, अशी नुसती डोकी मोजली असतील तर काय-वर्ग. प्रत्येकाला गुण दिले असतील आणि दोन गटांच्या सरासरीची तुलना असेल तर टी. गट तीन किंवा जास्त असतील तर एफ. एकाच माणसाच्या दोन गोष्टी मोजल्या, समज चिंता आणि झोप, आणि त्या एकमेकींबरोबर कशा हलतात हे पाहायचं असेल तर सहसंबंध. बी.ए.च्या पेपरमधली बहुतेक उदाहरणं एवढ्यात बसतात. जुन्या प्रश्नपत्रिका घे आणि गणितं सोडवूच नकोस, नुसती कोणती चाचणी लागेल ते समासात लिहीत सुट. एका संध्याकाळी तीस-चाळीस उदाहरणं होतात.

सूत्र बघून छातीत धडधडत असेल तर हे कर. स्पिअरमनचा क्रम-सहसंबंध घे. पाच मुलं, दोन परीक्षा. पहिल्या परीक्षेत त्यांचे क्रमांक १, २, ३, ४, ५. दुसरीत त्याच मुलांचे २, १, ३, ५, ४. प्रत्येकाच्या दोन क्रमांकांतला फरक: १, १, ०, १, १. फरकांचे वर्ग तेच, बेरीज ४. तिला ६ ने गुण, २४. खाली मुलांची संख्या ५, गुणिले पाचाचा वर्ग वजा एक, म्हणजे ५ गुणिले २४, १२०. चोवीस भागिले एकशेवीस, ०.२. एकातून वजा कर, ०.८. संपलं. यात सातवीच्या पलीकडचं काही दिसलं का?

आता माझं खरं म्हणणं. उत्तर ०.८ लिहून मुलं खाली दुहेरी रेघ मारतात आणि मोकळी होतात. रेघ मारू नकोस. खाली वाक्य लिही: ‘पहिल्या परीक्षेत वर असलेली मुलं दुसऱ्या परीक्षेतही साधारण वरच आहेत, मात्र पाचच मुलं असल्याने यावरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही.’ मी पेपर तपासताना आकडा चुकलेला आणि वाक्य बरोबर असलेल्या मुलाला पायऱ्यांचे गुण देऊन पुढे ढकलायचे. नुसता बरोबर आकडा लिहिणाऱ्याला तोंडीला पकडायचे. एक गोष्ट दुसरीसोबत वाढते म्हणून पहिलीमुळे दुसरी वाढली, असं तोंडी परीक्षेत म्हणालास तर बाहेरून आलेले परीक्षक चष्मा काढून बघतील.

शून्य परिकल्पनेचं वाक्य उलटं असतं म्हणून गोंधळ होतो. आपल्याला फरक दाखवायचा असतो आणि सुरुवात ‘फरक नाही’ असं धरून करायची. मग विचारायचं: खरंच फरक नसता तर एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता किती? ती शंभरात पाचापेक्षा कमी असेल तर ‘फरक नाही’ हे म्हणणं सोडून द्यायचं. ०.०५ चा रकाना तो हाच. तक्त्यात बघताना डी.एफ. (स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे तक्त्यातली कोणती ओळ बघायची ते सांगणारा आकडा) चुकवू नकोस, तेवढी एकच जागा खरी निसरडी आहे.

तुला टीचा तक्ता ज्याने दिला तो गॉसेट मानसशास्त्रज्ञ नव्हता आणि प्राध्यापकही नव्हता. डब्लिनच्या गिनेस बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. थोडेसेच नमुने हाताशी असताना निष्कर्ष कसा काढायचा, ही त्याची रोजची अडचण. १९०८ मध्ये त्याने ती पद्धत ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापली, म्हणून आजही ती स्टुडंट्स टी. तोंडीला विचारतात, लक्षात ठेव.

कॉलेजात संगणक असेल तर जास्प किंवा जॅमोव्ही यांपैकी एखादं सॉफ्टवेअर उतरवून घे. दोन्ही फुकट आहेत. हाताने सोडवलेलं उदाहरण त्यात घालून पाहा. उत्तर जुळलं की जो आनंद होतो, तो सरांच्या बरोबरच्या खुणेपेक्षा मोठा असतो.

मुलगा बारावी सायन्सला आहे, गणित सोडून फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी घेतलंय. नीटची तयारी चालू आहे, पण त्याचा कल मानसशास्त्राकडे दिसतो. गणित सोडल्यामुळे पुढे ‘क्लिनिकल’चे दरवाजे बंद होतील का? आणि खरं सांगा, यात पोट भरतं का?
– रा. भो., नाशिक

गणित सोडल्याने भारतात दरवाजा बंद होत नाही. मुलाला मनोविकारतज्ज्ञ व्हायचं असेल तर रस्ता नीट, एम.बी.बी.एस., मग एम.डी. असा आहे, आणि नीटला गणित नसतंच. औषधं तोच लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर मानसशास्त्राची पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि त्यावर भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आर.सी.आय.ने, मान्य केलेलं प्रशिक्षण आणि तिथली नोंदणी. हे प्रशिक्षण आजवर दोन वर्षांचं एम.फिल. होतं. एम.फिल. ही पदवीच आता मोडीत निघाली आहे आणि तिच्या जागी नवे अभ्यासक्रम येत आहेत. तेव्हा ओळखीच्या कुणाचा दहा वर्षांपूर्वीचा अनुभव ऐकून बेत आखू नका, प्रवेशाच्या वर्षी परिषदेची मान्यतायादी बघा. गल्लोगल्ली सहा आठवड्यांत ‘सायकॉलॉजिस्ट’ करून देणारे क्लास निघाले आहेत, त्यांत पैसे घालू नका.

गणित कुठे खरंच लागतं तेही सांगते. कॉलेजात शिकवायचं असेल तर द्याव्या लागणाऱ्या नेट परीक्षेच्या मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात संशोधनपद्धती आणि सांख्यिकी हा स्वतंत्र घटक आहे, आणि पहिल्या पेपरात थोडं अंकगणित व तक्ते वाचणं येतं. हे जमण्यासारखं आहे. पण मुलाला पुढे चाचण्या रचण्यात, मेंदूविज्ञानात किंवा पीएच.डी.नंतर संशोधनात जायचं असेल तर घटक-विश्लेषणासारख्या (खूप गुणांमागचे मोजके घटक शोधायच्या) गोष्टी येतात, आर नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहावे लागतात. तिथे बारावीचं गणित सुटलेल्या मुलाला जास्त घाम गाळावा लागतो. गाळणारे माझ्या पाहण्यात आहेत.

पोट भरतं. पण भरायला उशीर लागतो. नुसत्या बी.ए.वर या विषयात फारसं काही मिळत नाही. पदवी, पदव्युत्तर आणि प्रशिक्षण धरून सहा-सात वर्षं मुलाच्या पाठीशी उभं राहता येणार असेल तर हो म्हणा. मधल्या टप्प्यावर घरचे कंटाळले की मुलं मिळेल ती नोकरी धरतात आणि केलेलं शिक्षण वाया जातं. अशी किती मुलं गेली याचा हिशेब ठेवला असता तर सांख्यिकीचा एक पेपर त्यावर निघाला असता.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. मुलगी जी.सी.एस.ई.ला, म्हणजे आपल्याकडच्या दहावीला, आहे, तिला मानसशास्त्र घ्यायचंय. गणितात जेमतेम. पुढे ए-लेव्हलला, म्हणजे बारावीला, गणित नाही घेतलं तर चालेल का?
– मृ. के.

चालतं. मानसशास्त्रासाठी तिथली बहुतेक विद्यापीठं ए-लेव्हलचं गणित मागत नाहीत, पण जी.सी.एस.ई.च्या गणितात ठरावीक श्रेणी मागणारी पुष्कळ आहेत. कुठे ४, कुठे ५, कुठे ६. म्हणजे तिला आत्ता हातात असलेल्या परीक्षेवरच जोर लावायचाय. तिला आवडणाऱ्या चार-पाच विद्यापीठांच्या अटी तिच्याकडूनच लिहून काढा, त्यात ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता आहे का हेही बघायला सांगा. मान्यता असलेल्या पदवीत संशोधनपद्धती आणि सांख्यिकी असतेच, आणि तिथे ती आपल्या बी.ए.पेक्षा लवकर सुरू होते. ‘गणित टाळायला मानसशास्त्र’ असा तिचा हिशेब असेल तर तो आत्ताच मोडून काढा.

माझं वय ३७. मुंबई विद्यापीठाची बी.कॉम., लग्नानंतर नोकरी सोडली. मुलं मोठी झाली, आता मानसशास्त्र शिकावंसं वाटतं. घरबसल्या एम.ए. करता येईल का? हिशेबाचा सराव सुटून पंधरा वर्षं झाली. नवरा म्हणतो, या वयात काय परीक्षा देणार?
– सौ. अ., डोंबिवली

तुमच्या यजमानांना चार्ल्स स्पिअरमनबद्दल सांगा. वर नांदेडच्या मुलाला ज्याचं सूत्र समजावलं तोच. तो ब्रिटिश सैन्यात अधिकारी होता. १८९७ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, सैन्य सोडून तो जर्मनीत लाइप्झिगला मानसशास्त्र शिकायला गेला. ज्या कामामुळे त्याचं नाव आज आपल्या अभ्यासक्रमात आहे, ते १९०४ मध्ये छापलं तेव्हा त्याची पीएच.डी.सुद्धा झालेली नव्हती.

घरबसल्या मात्र आता जमणार नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्र हा विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने द्यायला मनाई केली आहे. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात जे विषय येतात त्यांना ती लागू आहे, आणि त्यात मानसशास्त्र आहे. कुणी ‘आमच्याकडे चालतं’ म्हणून फी मागितली तर लेखी मान्यता दाखवायला सांगा. तुमच्यासारख्या बायकांची यात गैरसोय झाली, हे खरं. तरी प्रॅक्टिकलशिवाय, एकही माणूस समोर न बसवता मानसशास्त्राची पदवी देणं मला आधीपासून खटकत होतं.

म्हणजे नियमित कॉलेज. काही विद्यापीठं इतर शाखांच्या पदवीधरांनाही प्रवेश परीक्षा घेऊन मानसशास्त्राच्या एम.ए.ला घेतात, काही पदवीला मानसशास्त्राचे ठरावीक पेपर असावेत अशी अट घालतात. डोंबिवलीहून लोकलने जाता येईल अशा ठिकाणांची यादी करा, प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन विभागप्रमुखांना भेटा आणि वर्ग किती वाजता सुरू होतो ते विचारा. सकाळी साडेसातचा वर्ग आणि मुलांचा डबा हे गणित सांख्यिकीपेक्षा अवघड आहे, ते आधी घरात सोडवून घ्या.

हिशेबाची काळजी तुम्ही का करताय तेच मला कळलं नाही. एफ.वाय. बी.कॉम.ला मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्सचा पेपर दिलाय ना तुम्ही? मध्य, मध्यक, प्रमाण विचलन तुम्ही तेव्हाच शिकून पास झालात. माळ्यावर ती वही असेल तर काढा. नसेल तर धाकट्याचं दहावीचं पुस्तक घ्या आणि सांख्यिकीच्या प्रकरणातली उदाहरणं दुपारच्या वेळी सोडवायला बसा. प्रवेश परीक्षेपर्यंत तेवढं पुरेल.